पंडिता रमाबाई व त्यांची बालशाळा

पंडिता रमाबाईंचें नांव ज्या घरांत ऐकूं आलें नाहीं असें ख्रिस्ती घर महाराष्ट्रांत क्वचितच असेल. केडगांवचें मुक्तिसदन त्यांचें, तेथील छापखान्यांत छापलेलें सोप्या मराठींतील पवित्र शास्त्र त्यांचें, आणि दुष्काळांत अन्नावांचून मरणाऱ्या शेंकडों मुली ज्यांनीं उचलून आणिल्या त्याहि त्याच. इतकें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांस कसें शिकवावें ही विद्या त्यांनीं परदेशीं जाऊन, विद्यार्थिनीसारखें बसून, शिकून घेतली होती, आणि पुढें आपल्या संस्थांमध्यें ती चालविली, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानीं गेली आहे. आमच्या मंडळ्यांतून, विशेषेंकरून महाबळेश्वराच्या माथ्यावरील व त्याखालच्या वाई-मेढ्याकडील खेड्यांतून, लहान मुलांचें काय करावें हा प्रश्न उपदेशकांपुढें नेहमीं उभा राहतो. हंगामांत आया सकाळींच स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर जातात, थोरलीं भावंडें शाळेची वाट धरतात, आणि धाकटीं कोठें बांधावर, कोठें आजीच्या पायाशीं दिवस काढतात. रविवारीं उपासनेंत तींच मुलें चुळबुळ करूं लागलीं म्हणजे त्यांस बाहेर नेऊन बसविण्यांत येतें. म्हणून रमाबाईंच्या चरित्राचा हाच भाग आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

महाबळेश्वरीं राहणाऱ्या वाचकांस रमाबाईंचें जन्मस्थान डोळ्यांपुढें आणणें कठीण पडूं नये. सह्याद्रीच्या माथ्यावर आपल्या क्षेत्र महाबळेश्वरीं कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात. त्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओळींत, आजच्या कर्नाटकांत, गंगामूळ नांवाचें रान आहे. तेथें तुंगा व भद्रा या नद्या उगम पावतात. त्या दोघी एकत्र होऊन तुंगभद्रा होते आणि ती पुढें पूर्वेस आपल्या कृष्णेसच मिळते. तसाच पाऊस, तसेंच धुकें, तशीच दाट झाडी. त्या रानांत २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनीं आपली तरुण पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचें मनांत घेतलें, आणि स्त्रीस ती विद्या देणें अनेक शास्त्रीमंडळींस अधर्म वाटल्यामुळें त्यांस बराच विरोध सोसावा लागला. तेव्हां ते रानांत येऊन राहिले. तेथें त्यांनीं घर बांधिलें, विद्यार्थी ठेविले, आल्यागेल्या यात्रेकरूंस जेवूं घातलें, आणि या दातृत्वांत पैसा संपून कर्ज झालें. रमा सहा महिन्यांची असतांना कुटुंबानें तें घर सोडलें. मुलीस वेताच्या टोपलींत घालून ती टोपली एका माणसाच्या डोक्यावर दिली आणि यात्रा सुरू झाली. पुढें कित्येक वर्षें या कुटुंबास घर म्हणून नव्हतें. देवळांत पुराण सांगावें, लोक देतील तें घ्यावें आणि पुढच्या क्षेत्रास जावें, असा त्यांचा क्रम होता.

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हां शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. म्हणून शिकविण्याचें काम आईनें पत्करिलें. दिवसभर तिच्यामागें घरकाम असे, यात्रेची दगदग असे. मोकळा वेळ काय तो पहांटेचा. झोंपेनें जड झालेल्या मुलीस ती अंथरुणावरून हळूच उचलून घेई, गोंजारी, लाडक्या शब्दांनीं जागी करी, आणि मांडीवर बसवून धडा देई. झाडांवर पांखरें किलबिलूं लागलेलीं असत. पुस्तक हातीं नसे. आई म्हणेल तें मुलीनें म्हणावयाचें, आणि आईचें तोंड हेंच पुस्तक. रमाबाई मोठ्या झाल्या, देशोदेशीं हिंडल्या, पण ही पहांट त्या विसरल्या नाहींत. आमच्या मतें त्यांची पहिली बालशाळा ती हीच. तींत छडी नव्हती, ओरडा नव्हता, आणि शिकविणाऱ्या बाईस शिकणारें मूल जिवाहून प्रिय होतें.

या शिकवणीचें फळ असें कीं बारा वर्षांच्या वयापर्यंत रमाबाईंस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले. परंतु त्यांतच एक उणीव होती, आणि ती उणीव उघडी पडावयास भयंकर प्रसंग यावा लागला. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां हें कुटुंब तिकडेच होतें. पुराण ऐकावयास लोक राहिले नाहींत. दक्षिणा कोण देणार? संस्कृतावांचून या घरांतील कोणास दुसरें कांहीं येत नव्हतें. मोलमजुरी करण्याची संवय नाहीं, हातांत कसब नाहीं, आणि उच्च कुळाचा अभिमान असल्यामुळें भीक मागण्याचीहि लाज. भांडीं गेलीं, दागिने गेले, मग रानांतील पाला खाऊन दिवस काढिले. १८७४ सालीं वडील वारले, त्यांच्यामागून कांहीं आठवड्यांनीं आई वारली, आणि पुढें थोरली बहीणहि गेली. आईचें प्रेत उचलावयास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी रमा. ती उंचीनें इतकी लहान कीं तिरडीचें टोंक खांद्यावर न घेतां तिला डोक्यावर घ्यावें लागलें.

भाऊ व बहीण त्यानंतर हजारों मैल पायीं हिंडलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनीं वाळूंत खड्डे करून, डोकें तेवढें बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढिली. अठरा हजार श्लोक पाठ असलेली मुलगी, आणि पोटास मूठभर दाण्याची भ्रांत! आपल्या आईबापांविषयीं रमाबाईंच्या मनांत शेवटपर्यंत आदर होता. तरी मुलांस कमाईचें कांहीं न शिकवितां वाढविलें ही त्यांची चूक झाली, असें त्यांनीं पुढें आपल्या आत्मवृत्तांत स्पष्ट लिहून ठेविलें आहे. ज्या मुलाचे हात कामास लागले नाहींत त्याचें शिक्षण अर्धेंच, ही गोष्ट त्या कोणा पंडिताच्या ग्रंथांतून शिकल्या नाहींत.

मधला काळ थोडक्यांत सांगतों, कारण तो इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशीं लग्न केलें. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें नेलें. मग त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढिला, सरकारच्या शिक्षण-कमिशनापुढें स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं साक्ष दिली, आणि १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ सालीं त्या अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी तेथें डॉक्टर झाल्या होत्या व त्यांच्या पदवीदानाचा समारंभ मार्च महिन्यांत होता. थोडे दिवस राहून परतावें असा बेत असावा. पण तेथें त्यांनीं किंडरगार्टन म्हणजे मुलांचा बाग ही शाळा पाहिली, आणि त्या तिकडे इतक्या ओढल्या गेल्या कीं ती पद्धति शिकविणाऱ्या वर्गांत त्यांनीं आपलें नांव घातलें. संस्कृताच्या गाढ्या पंडिता, वयानें अठ्ठावीस वर्षांच्या, एका मुलीची आई; त्या रंगीत चेंडू, लांकडी ठोकळे व कागदाच्या घड्या घेऊन शिकावयास बसल्या. आम्हांस हा प्रसंग त्यांना पदव्या मिळाल्या त्याहून मोठा वाटतो.

ही पद्धति कोणी काढिली तें सांगणें जरूर आहे. फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मनींतील एका लूथरपंथी पाळकाचा मुलगा. जन्म १७८२ सालचा. तो वर्षाचाहि झाला नव्हता तोंच त्याची आई वारली, आणि त्याचें बालपण फार एकटें गेलें. १८३७ सालीं त्यानें ब्लँकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांची शाळा काढिली व १८४० सालीं तिला मुलांचा बाग असें नांव दिलें. माळी रोपास ओढून वाढवीत नाहीं. तो माती भुसभुशीत करतो, पाणी घालतो, ऊन्ह-सावली पाहतो, आणि रोप आपल्या अंगच्या जोरानें वाढतें. मुलाचेंहि तसेंच आहे, देवानें त्याच्या ठायीं जें घातलें आहे तें उमलावयास जागा द्यावी, असें त्याचें म्हणणें होतें. खेळ म्हणजे वेळेचा नाश नव्हे, लहान मुलाचें कामच तें, हा त्याचा सिद्धांत. त्यावेळच्या प्रशियाच्या सरकारास यांतहि धोका दिसला व १८५१ सालीं त्यानें अशा शाळांस बंदी केली. फ्रोबेल दुसऱ्याच वर्षीं वारला, आणि बंदी १८६० सालीं उठली.

त्याच्या शाळेंत मुलाच्या हातीं क्रमाक्रमानें वस्तु देतात व त्यांस तो देणग्या म्हणत असे. पहिली देणगी लोंकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे. दुसरी देणगी लांकडाचा गोल, घन व नळकांडें. गोल कोणीकडूनहि गडगडतो, घन बसल्या जागीं बसतो, नळकांडें आडवें ठेविलें तर गडगडतें व उभें केलें तर थांबतें. हें मूल आपल्या हातांनीं पाहतें. कोणी सांगावें लागत नाहीं. पुढच्या देणग्यांत घनाचे लहान लहान तुकडे असतात. ते मोडावे, जोडावे, त्यांचें घर करावें, विहीर करावी, मोजावे. यांतच अंकगणिताची सुरुवात आहे. याशिवाय मातीचीं चित्रें करणें, कागद दुमडणें, पट्ट्या विणणें, फेर धरून गाणें, आणि स्वतःच्या वाफ्यांत बीं टाकून रोप वाढविणें. अक्षरें मागाहून येतात. डोळे व बोटें तयार झालीं म्हणजे अक्षर काढणें मुलास जड जात नाहीं.

रमाबाईंस यांत काय दिसलें असेल याचा विचार करूं लागलें म्हणजे त्यांचें सारें पूर्वायुष्य समोर येतें. आईच्या मांडीवर ज्या प्रेमानें विद्या सुरू होऊं शकते तें प्रेम त्यांनीं भोगिलें होतें. तें येथें पद्धति म्हणून मांडलेलें त्यांस आढळलें. आणि दुष्काळांत जी उणीव जिवावर बेतली, म्हणजे हाताच्या शिक्षणाची, ती येथें तिसऱ्या वर्षापासून भरून काढीत होते. आणखी एक गोष्ट होती. या शाळांत शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. हिंदुस्थानांत हजारों तरुण विधवा घराच्या कोपऱ्यांत फुकट व अपमानित पडल्या होत्या. त्यांस ही विद्या दिली तर विधवेस मानाची भाकर मिळेल व लहान मुलास आईसारखी शिक्षिका मिळेल. एका दिव्यानें दोन खोल्या उजळतील असा हा विचार होता. त्यांनीं अमेरिकेंत राहूनच सचित्र मराठी वाचनपुस्तकांची जुळवाजुळव आरंभिली, आणि त्या देशाविषयीं जें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध केलें त्यांत तेथील शिक्षणाविषयीं विस्तारानें लिहिलें.

त्याच वर्षीं मार्चच्या ११ तारखेस मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास गेलें. तेथें येणाऱ्या विधवांत कांहीं अगदीं कोवळ्या वयाच्या मुली होत्या. ज्या वयांत मुलीनें फुगडी खेळावी त्या वयांत त्यांच्या कपाळीं वैधव्य आलें होतें. रंगीत वस्त्र, फूल, हंसणें, खेळणें, सारें बंद. अशा मुलीच्या हातीं तांबडा-पिवळा चेंडू देणें ही नुसती शाळेंतली रीत नव्हे. तिचें हिरावून घेतलेलें बालपण तिला परत देणें होतें तें. वाचकांपैकीं जे पुण्याचा इतिहास जाणतात त्यांस ठाऊकच आहे कीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ सालीं मोठी खळबळ झाली, सल्लागार मंडळींनीं राजीनामे दिले व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत कोणाचें किती खरें हें येथें ठरवीत बसण्याचें कारण नाहीं. काम चालू राहिलें.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाईंस आपले जुने दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या व केडगांवच्या शेतावर त्यांची सोय केली. तेंच मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळांतून आणखी आल्या आणि कुटुंब दोन हजारांच्या घरांत गेलें. यांत लहान मुलें पुष्कळ. हाडांचे सांपळे झालेलीं, अन्नासाठीं झोंबणारीं, लपवून ठेवणारीं, माणसास भिणारीं. अशा मुलास एकदम पाटीपुढें बसवून काय होणार? आधीं पोट भरावें, अंग धुवावें, झोंप लागावी, मग हात कांहीं तरी करूं लागावे. मुक्तीमध्यें लहानांसाठीं किंडरगार्टन होतें, शिक्षिका तयार करण्याची सोय होती, आणि थोरल्या मुली धाकट्यांस सांभाळीत. त्यापुढें विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतें, तेलाचा घाणा, छापखाना. एकीचेहि हात रिकामे राहूं नयेत अशी योजना होती. पहिल्या चेंडूपासून छापखान्याच्या खिळ्यांपर्यंत ती एकच वाट होती असें आम्ही समजतों.

मनोरमाबाई अमेरिकेंतून शिकून आल्यावर त्यांनीं तेथें अंध मुलींसाठीं वर्ग चालविला व उठावाच्या टिंबांची ब्रेल लिपि शिकविली. ज्यांस डोळे नाहींत त्या बोटांनीं पवित्र शास्त्र वाचूं लागल्या. स्पर्शानें शिकण्याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें एक गोष्ट मोकळेपणानें लिहितों. फ्रोबेलच्या देणग्या पुष्कळ ठिकाणीं पुढें कवाईतीसारख्या झाल्या. बाईनें घंटा वाजवावी, सर्वांनीं एकदम ठोकळा उचलावा, एकदम ठेवावा. यांत बाग कोठें राहिला? शिवाय विकत आणलेलें सामान खेड्यास परवडत नाहीं व तुटेल म्हणून कपाटांत कुलपांत राहतें. या दोन्ही अडचणींवर महाराष्ट्रांत उत्तम तोड काढिली ती श्रीमती ताराबाई मोडक यांनीं. ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें १९४५ पासून व पुढें कोसबाडच्या टेंकडीवर त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं वारली व इतर गरीब मुलांच्या अंगणांतच शाळा नेली, आणि बिया, पानें, शिंपले, माती हेंच सामान केलें. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ सालीं निघाली, ती आज आपल्या बहुतेक गांवांत आहे. रमाबाईंनीं फिलाडेल्फियाहून आणिलेलें बीज आणि ताराबाईंचें अंगण हीं एकाच जातीचीं रोपें आहेत, मग माळी निराळे कां असेनात.

तेव्हां आमच्या उपदेशक-बंधूंनीं व शिक्षिका-भगिनींनीं प्रश्नोत्तरावलीच्या पाठांतराची घाई कांहीं काळ बाजूस ठेवावी असें आम्हांस वाटतें. पाठांतर वाईट नव्हे. रमाबाईंची सारी विद्या त्यावर उभी होती. पण तें आईच्या मांडीवरचें पाठांतर होतें, भिंतीशीं रांगेनें बसवून केलेलें नव्हे. चार वर्षांच्या मुलास मेंढपाळाची गोष्ट सांगावयाची असेल तर त्याच्या हातीं मातीचा गोळा द्यावा व मेंढरूं करूं द्यावें. शंभरांतील एक हरवलें तें त्यानें शोधून आणावें. पेरणाऱ्याचा दाखला सांगावयाचा तर देवळामागें हातभर वाफा करून मूठभर हरभरा टाकूं द्यावा. येथील जांभ्याची तांबडी माती, करवंदाच्या बिया, पावसाळ्यानंतर कांठावर सांपडणारे गोटे, यांस एक पैसा पडत नाहीं. आणि उपासनेच्या वेळीं एखादी थोरली मुलगी या मुलांस घेऊन ओसरीवर बसली, त्यांच्याबरोबर एखादें गाणें हातवाऱ्यांसह म्हणाली, तर बाहेर काढलें असें मुलांस वाटणार नाहीं. प्रभु येशूनें शिष्यांस ज्या गोष्टीबद्दल रागें भरलें ती मुलांस दूर सारण्याचीच होती, हें आपण व्यासपीठावरून अनेकदां वाचतों.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांस ऐकूं फार कमी येत असे. जवळजवळ अठरा वर्षें त्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत गढल्या होत्या. त्यासाठीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास त्यांनीं उतारवयांत केला. संस्कृताची एवढी संपत्ति पदरीं असतां त्यांनीं जड शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांच्यापुढें वाचक म्हणून ज्या होत्या त्या नुकतीं अक्षरें शिकलेल्या खेड्यांतील बायका व मुली होत्या. १९२१ च्या जुलईंत मनोरमाबाई वारल्या. वृद्ध आईनें तो घाव सोसून मुद्रितें तपासण्याचें काम चालू ठेविलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूच्या ठायीं निद्रिस्त झाल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविणारे, पानें छापणारे व बांधणारे हात मुक्तीच्या मुलींचेच होते.